विळा काय सांगतो?

पावसाळ्यात विळा अंगणात विसरला, की दोन दिवसांत त्यावर तांबूस थर येतो. आपण म्हणतो, "गंज चढला." मग विळा दगडावर घासतो, लख्ख करतो आणि कामाला लागतो. पण हा गंज येतो कुठून? लोखंड आपोआप कुजतं, की बाहेरून काही येऊन त्याला मिळतं? आज आपण हे समजून घेऊ. हे नीट समजलं, तर द्राक्षाची बाग करपण्यापासून वाचवता येते. गंजाचा आणि बागेचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. जरा धीर धरा. तिथे आपण पोचणारच आहोत.

तीन खिळे

आधी एक प्रयोग करू. काचेच्या तीन बाटल्या घ्या. प्रत्येकीत एक स्वच्छ लोखंडी खिळा टाका. पहिली बाटली अगदी कोरडी ठेवा आणि बूच घट्ट लावा. दुसरीत उकळून किंचित निवलेलं पाणी खिळा पूर्ण बुडेल इतकं भरा. त्यावर गोडेतेलाचा थर सोडा. उकळल्यामुळे पाण्यात मिसळलेली हवा निघून जाते. तेलामुळे नवी हवा आत शिरत नाही. तिसऱ्या बाटलीत साधं पाणी अर्धा खिळा बुडेल इतकंच घाला आणि ती उघडी ठेवा.

आठ दिवसांनी पाहा. तिसऱ्या खिळ्यावर गंज दिसेल. पहिले दोन जवळजवळ जसेच्या तसे असतील. यावरून काय कळलं? नुसत्या हवेने गंज चढत नाही, नुसत्या पाण्यानेही चढत नाही. दोन्ही एकत्र लागतात. हवेतला ऑक्सिजन, म्हणजे प्राणवायू, पाण्याच्या संगतीने लोखंडाशी जोडला जातो. तोच गंज. विळ्याला तेलाचा हात फिरवून ठेवतात, तो हवा-पाणी दूर ठेवण्यासाठीच.

एखाद्या पदार्थाला ऑक्सिजन मिळाला, की त्याचे ऑक्सिडीकरण झाले असे म्हणतात.

उलटा व्यवहार

आता उलट बाजू पाहू. जमिनीतून निघणारं लोखंड विळ्यासारखं चकचकीत नसतं. गोव्यात किंवा गडचिरोलीत जो लाल दगड निघतो, त्यात लोखंड आणि ऑक्सिजन एकमेकांना धरून असतात. या दगडातला लोखंडाचा भाग अगदी शुद्ध घेतला, तर त्याच्या 160 किलोत 112 किलो लोखंड आणि 48 किलो ऑक्सिजन असतो. हा 48 किलो ऑक्सिजन काढून घेतल्याशिवाय लोखंड हाती येत नाही.

तो काढायचा कसा? भट्टीत दगडाबरोबर कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, घालतात. कोक जळून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. या वायूला ऑक्सिजनची मोठी ओढ. तो दगडातला ऑक्सिजन घेतो आणि लोखंड मोकळं होतं. पदार्थातून ऑक्सिजन निघून गेला, की त्याचे क्षपण झाले असे म्हणतात.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. दगडाने ऑक्सिजन दिला, वायूने घेतला. एकाचं क्षपण झालं, त्याच क्षणी दुसऱ्याचं ऑक्सिडीकरण झालं. वाण्याच्या वहीत एकाच्या नावे पडतं, तेच दुसऱ्याच्या जमेला येतं. तसाच हा व्यवहार. एकटा तो कधीच होत नाही.

मोरचूद आणि विळा

आता मोरचुदाचं निळं पाणी एका काचेच्या पेल्यात घ्या. घासून स्वच्छ केलेलं विळ्याचं टोक त्यात बुडवा. थोड्या वेळात टोकावर तांबडा थर येईल. हा गंज नव्हे, हे तांबं आहे!

इथे ऑक्सिजनची देवघेव झाली नाही. मग झालं काय? प्रत्येक अणूत इलेक्ट्रॉन नावाचे फार बारीक कण असतात. लोखंडाच्या अणूने आपले दोन इलेक्ट्रॉन दिले आणि तो पाण्यात उतरला. पाण्यातल्या तांब्याने ते दोन घेतले आणि तो विळ्यावर बसला. म्हणून शास्त्रज्ञांनी व्याख्या अधिक व्यापक केली. इलेक्ट्रॉन देतो, त्याचे ऑक्सिडीकरण. इलेक्ट्रॉन घेतो, त्याचे क्षपण.

शिकणारे इथेच अडखळतात. "ऑक्सिजनच्या बाबतीत घेणाऱ्याचं ऑक्सिडीकरण, आणि इलेक्ट्रॉनच्या बाबतीत देणाऱ्याचं? हे उलटं कसं?" उलटं नाही. गंज चढताना लोखंड ऑक्सिजन घेतं, पण आपले इलेक्ट्रॉन त्या ऑक्सिजनला देतं. गोष्ट एकच, मोजायची वस्तू निराळी.

बाग कशी वाचते?

द्राक्षवेलीवर केवडा रोग पडू नये म्हणून बोर्डो मिश्रण फवारतात. फ्रान्समधील बोर्डो येथे मिलार्दे या शास्त्रज्ञाने 1885 साली ते जगापुढे मांडले. एक टक्क्याच्या मिश्रणाला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी लागतं. चुन्यामुळे तांबं पाण्यात विरघळलेलं राहत नाही. त्याचे बारीक कण होऊन ते पानावर बसतात. पण चुना जुना, हवा लागून निकामी झालेला असेल, तर मोरचूद मोकळा राहतो आणि कोवळी पानं करपतात.

हे ओळखायचं कसं? फवारणीआधी घासलेलं विळ्याचं पातं मिश्रणात मिनिटभर धरा. पात्यावर तांबडा थर आला, तर समजा, मोरचूद मोकळा आहे. चुन्याची निवळी आणखी घाला, ढवळा आणि पुन्हा पाहा. थर येईनासा झाला, की फवारा.

हे मिश्रण लोखंडी भांड्यात करू नये, हेही आता तुमच्या लक्षात आलं असेल. भांडंच तांबं ओढून घेईल! आणि मोरचूद विषारी आहे. त्याचं भांडं स्वयंपाकघरात कधीही नेऊ नका. हात साबणाने धुवा.

अंगणात विसरलेला विळा आपलं नुकसान सांगत होता. तोच विळा आता बाग राखतो.

सांगा पाहू

1. दुसऱ्या बाटलीतल्या खिळ्यावर गंज का चढला नाही?
2. भट्टीत कोणाचं क्षपण होतं? कोणाचं ऑक्सिडीकरण होतं?
3. विळ्यावर तांबडा थर आला, तर मिश्रणात काय कमी आहे?