पांढऱ्या वाइनचीं द्राक्षें : ग्रीस देशाचा धडा

कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यांतील बागाईतदारांस द्राक्ष हें पीक नवें नाहीं. शेजारच्या सांगली जिल्ह्यांत तासगांवच्या बाजूस द्राक्ष व बेदाणा ह्यांवर गांवेंच्या गांवें उभीं राहिलीं आहेत. परंतु खाण्याचें द्राक्ष निराळें व वाइनचें निराळें. हा भेद न समजतां केलेली लागवड पुढें अंगावर येते. म्हणून ज्या देशांत हें पीक हजारों वर्षें होत आलें आहे, त्या ग्रीसमधील पांढऱ्या जातींची माहिती येथें देऊन तींतून आपणांस काय घेतां येईल, ह्याचा आम्ही विचार करीत आहों.

खाण्याच्या द्राक्षाचा मणी टपोरा व बिनबियांचा लागतो. त्यासाठीं आपण विरळणी करतों व जिब्रेलिक ॲसिडांत घड बुडवितों. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान व बियांचा असला तरी चालतो. तेथें मोल रसाचें असतें. एक लिटर रसांतील सुमारें १७ ग्रॅम साखर आंबली म्हणजे शेंकडा १ भाग मद्यार्क तयार होतो. पण नुसती साखर पुरेशी नाहीं. रसांत आंबटपणा नसेल तर वाइन बेचव होते व टिकत नाहीं. उन्हाच्या तापानें साखर चढते आणि आंबटपणा उतरतो. उष्ण प्रदेशांतील बागाईतदाराची खरी अडचण हीच आहे.

ह्या अडचणीवर ग्रीसचें उत्तर म्हणजे आसिर्तिको ही जात. सांतोरिनी ह्या ज्वालामुखीच्या बेटावर ती होते. तेथें पाऊस थोडा व वारा फार. म्हणून वेल मांडवावर न चढवितां जमिनीलगत टोपलीसारखा गुंफतात व घड टोपलीच्या आंत वाढतात. रात्रीच्या समुद्री धुक्याचा ओलावा वेलास मिळतो. एवढ्या उन्हांतही ह्या जातीचा आंबटपणा टिकतो. हींच द्राक्षें उन्हांत वाळवून त्यांच्या रसाची ‘विन्सान्तो’ नांवाची गोड वाइन करतात.

दुसरी जात मोस्कोफिलेरो. ही मान्तिनीया येथील उंच व थंड पठारावर होते. साल गुलाबी असली तरी वाइन पांढरी व सुगंधी निघते. अथेन्सभोंवतालच्या आतिका प्रांतांत सावातियानो ही काटक जात आहे. तिच्या रसांत पाइन झाडाची राळ घालून ‘रेत्सीना’ करतात. केफालोनिया बेटावरील रोबोला जात चुनखडीच्या डोंगराळ जमिनींत चांगली येते. सामोस बेटावर डोंगरउतारावरील पायऱ्यांच्या शेतांत पांढऱ्या मस्कतची लागवड आहे. तेथील गांवोगांवच्या उत्पादकांनीं १९३४ सालीं सहकारी संघ स्थापून वाइन करणें व विकणें आपल्या हातीं घेतलें. सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखांत ह्या गोष्टीचें मर्म निराळें सांगावयास नको.

तर मग ह्या जाती आणून लावाव्या काय? आमचें मत असें कीं, घाई करूं नये. ग्रीसमध्यें पाऊस हिवाळ्यांत पडतो व घड कोरड्या उन्हाळ्यांत पिकतात. थंडींत वेल विश्रांति घेतो. आपल्याकडे वेल झोंपत नाहीं. एप्रिलांत खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करून आपणांस एकच पीक घ्यावें लागतें. खरड छाटणीनंतरच्या वाढीवरच मृगाचा पाऊस येतो व केवडा, करपा हे रोग सोबत आणतो. शिवाय परदेशी कलमें आणण्यास सरकारी परवाना लागतो.

नाशिककडे रुळलेल्या शेनिन ब्लां व सोव्हिन्यों ब्लां ह्या पांढऱ्या जाती मूळच्या फ्रान्सच्या आहेत. तरी त्यांचाही इतिहास सावध करणारा आहे. राज्य सरकारनें २००१ सालीं वाइनउद्योगास उत्तेजन देणारें धोरण आखलें. नाशिक जिल्ह्यांत विंचूर व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें वाइन पार्क निघाले. लागवड झपाट्यानें वाढली. २००८ नंतर मागणी ओसरली, तेव्हां अनेक बागाईतदारांस उभ्या बागा उपटाव्या लागल्या. ह्याचें कारण उघड आहे. खाण्याचें द्राक्ष बाजारांत पडून राहण्याची भीति वाटली तर त्याचा बेदाणा करतां येतो. वाइनचें द्राक्ष बियांचें व लहान मण्याचें. त्यास ना पेटीचा बाजार, ना बेदाण्याचा. गिऱ्हाईक एकच, तो वाइनवाला. त्यानें पाठ फिरविली कीं वर्षाची मेहनत वेलावरच सुकते. आणि उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्यावांचून घरीं वाइन काढून विकतांही येत नाहीं.

म्हणून आमच्या सूचना अशा :

१. अगोदर गिऱ्हाईक व लेखी करार, मग लागवड. करारांत भाव, साखरेचें प्रमाण, तोडणीची तारीख व पैसे देण्याची मुदत स्पष्ट असावी.

२. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी ह्या अतिपावसाच्या भागांत हा नाद करूं नये. हातकणंगले, शिरोळकडे कमी पावसाची व निचऱ्याची जमीन निवडावी. क्षारपड रान मुळींच घेऊं नये.

३. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घेऊन जात व खुंट ठरवावा, आणि आरंभ थोड्या गुंठ्यांवर करावा.

४. एकट्यानें न करतां गांवांतील चार-पांच जणांनीं मिळून करावें, म्हणजे भाव ठरवितांना आपल्या शब्दास वजन राहील. सामोसच्या बागाईतदारांपासून घेण्याजोगें कलम आहे तें हेंच.