शेतकऱ्याची विजेरी : दुरुस्त करावी कीं बदलावी ?

(टिटवाळें, ता. कल्याण, येथील एका सेवानिवृत्त महसूल कारकुनाकडून)

आमच्या टिटवाळ्याच्या आसपास मृगाचा पाऊस लागला म्हणजे रात्रीं घराबाहेर पाऊल टाकण्याचे प्रसंग वाढतात. खाचराचा बांध फुटला आहे कीं काय तें पाहावयाचें असतें. काळू नदीचें पाणी चढूं लागलें तर गुरें सोडावीं लागतात. पहिल्या पावसांत चिंबोऱ्या व वलगणीचे मासे धरण्यास मंडळी ओढ्यावर जातात. आणि भात पोटरींत आलें म्हणजे रानडुकरांची राखण सुरू होते. या सर्व कामांत शेतकऱ्याच्या हातीं एकच साधन असतें, तें विजेरी. तिला आपण बोलण्यांत ‘बॅटरी’ म्हणतों. नांगराचा फाळ झिजला तर आपण लोहाराकडे धांवतों, परंतु विजेरी मिणमिणूं लागली तरी तशीच हातांत घेऊन बांधावर जातों. ही संवय महाग पडते.

ती किती महाग पडते हें आंकड्यांवरून समजेल. २००० ते २०१९ या काळांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें दगावलीं, म्हणजे दरवर्षीं सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनें काढला आहे. त्यांतील निम्मे मृत्यू पावसाळ्यांतले आहेत, आणि बहुतेक खेड्यापाड्यांतले. घोणस, मण्यार व फुरसें हे तिन्ही विषारी साप मुख्यतः रात्रीं हिंडतात, आणि बांधावरून चालणाऱ्यास दंश होतो तो बहुधा पायास. सबब पुढच्या दोन पावलांपुरता स्वच्छ उजेड ही शेतकऱ्याची पहिली गरज होय. तो थोड्या पैशांत कसा मिळवावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

१. प्रथम तपासणी

उजेड मंद झाला म्हणजे विजेरी वाया गेली असें समजूं नये. विजेरींत मुळीं पांच वस्तू असतात : सेल, बल्ब, बटण, स्प्रिंग आणि भिंगाची तबकडी. प्रथम सेल काढून स्प्रिंग व पितळी पट्टी पाहावी. हिरवट किंवा पांढरा थर बसला असेल तर कोरड्या फडक्यानें पुसून बारीक पॉलिश कागदानें घांसावी. स्प्रिंग बसली असेल तर हलकेंच ओढून ताठ करावी. तबकडीवरील कांच पुसून घ्यावी. मग नवे सेल घालून पाहावें. एवढ्यानें उजेड परत आला तर खर्च सेलांपुरताच झाला. जुना व नवा सेल मात्र एकत्र घालूं नये. जुना आधीं रिता होऊन गळूं लागतो व तेंच पाणी विजेरीची पट्टी खातें.

२. बल्ब बदलणें

हातांतील विजेरीचा स्वामित्वहक्क अमेरिकेंत १८९९ सालीं नोंदला गेला, आणि पुढें सुमारें शंभर वर्षें तिच्यांत तापलेल्या तारेचा बल्बच राहिला. अशा लहान बल्बांत बहुतेक वीज उष्णतेंत जाते; एका वॅटमागें जेमतेम दहा ल्युमेन उजेड मिळतो. ल्युमेन हें उजेडाचें माप होय, जसें भाताचें माप पायली. १९९० नंतरच्या दशकांत जपानी संशोधकांनीं तेजस्वी निळा एलईडी दिवा सिद्ध केला, व त्यावर पिवळा लेप देऊन पांढरा उजेड मिळूं लागला. या निळ्या दिव्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांस २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. चांगला एलईडी दिवा एका वॅटमागें शंभर किंवा त्याहून अधिक ल्युमेन देतो.

जुन्या विजेरीच्या जागेंत बसणारे एलईडी बल्ब मिळतात. कल्याणच्या बाजारांत न मिळाल्यास मुंबईस लोहार चाळींत किंवा लॅमिंग्टन रोडवर चौकशी करावी. घेतांना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, बूड : आपला बल्ब पेचाचा आहे कीं कॉलरचा, तें जुना बल्ब सोबत नेऊन जुळवावें. दुसरी, दाब : पांढऱ्या एलईडीस सुमारें तीन व्होल्ट लागतात, आणि दोन सेल नवे असतांनाच काय ते तीन व्होल्ट देतात. म्हणून दोन सेलांच्या विजेरीस ‘दोन सेलांकरितां’ म्हणून केलेला, आंत दाब वाढविणारी जोडणी असलेला बल्ब घ्यावा. तो सेल अर्धे उतरले तरी उजेड देतो. तीन सेलांच्या विजेरीस साडेचार व्होल्टांचा घ्यावा. केवळ तीन व्होल्टांचा घातला तर जळेल. तिसरी, दिशा : एलईडीस वीज एकाच दिशेनें चालते. सेल उलट घातले तर साधा बल्ब लागतो, हा लागणार नाहीं. तेव्हां बल्ब खराब निघाला असें म्हणण्यापूर्वीं सेल फिरवून पाहावे.

३. हिशेब

महसुली दप्तरांत आयुष्य गेल्यामुळें हिशेब मांडल्यावांचून मला चैन पडत नाहीं. पुढील दर केवळ उदाहरणादाखल धरले आहेत. वाचकांनीं आपल्या दुकानचे दर घालून तो पुन्हां करावा.

समजा, मोठ्या सेलांची जोडी ५० रुपयांस पडते. तारेच्या बल्बावर ती ८ तास कामाचा उजेड देते, व एलईडीवर ४० तास. तर तारेच्या बल्बाचा खर्च तासास सव्वासहा रुपये, व एलईडीचा सव्वा रुपया. तासामागें पांच रुपये वांचले. एलईडी बल्ब ६० रुपयांस मिळाला तर त्याचे पैसे बारा तासांत फिटले. पावसाळ्याचे चार महिने रोज एक तास विजेरी लागली, तर १२० तासांस जुन्या बल्बावर ७५० रुपये व नव्यावर १५० रुपये. इतक्या लवकर पैसे फेडणारी दुसरी वस्तू शेतीच्या सामानांत क्वचितच सांपडेल.

पुन्हां भरतां येणारे निकेल-हायड्राइडचे सेल घ्यावे काय ? हे दीड व्होल्टांऐवजीं १.२ व्होल्ट देतात, म्हणून वर सांगितलेल्या दाब वाढविणाऱ्या बल्बासच जुळतात. समजा, सेल व भरण्याचें यंत्र मिळून १,००० रुपये लागले. वर्षास १२० तास जाळणाऱ्याचा सेलांचा खर्चच १५० रुपये. त्याचे हजार रुपये फिटावयास सहासात वर्षें लागतील. त्यानें हा खर्च करूं नये. परंतु जो रात्रपाळीच्या विजेवर पंप चालवितो व सहा महिने रोज चार तास विजेरी जाळतो, त्याचे ७२० तासांस ९०० रुपये होतात. त्यास ते घेणें वर्षासव्वावर्षांत परवडेल. शेजाऱ्यानें घेतले म्हणून घेऊं नयेत. आपले तास मोजून ठरवावें.

४. बदलावी केव्हां ?

बटण वारंवार अडकत असेल, डबी तडकून पाणी आंत जात असेल, किंवा पट्टी खाऊन गेली असेल, तर दुरुस्तीवर पैसा घालूं नये. नवी घेतांना तिच्यावरील पाणी सोसण्याची खूण वाचावी : आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे सोसणारी, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यांत अर्धा तास टिकणारी. चिखलणीच्या दिवसांस दुसरी बरी.

घरोघरीं दिसणाऱ्या, भिंतीच्या प्लगांत खुपसून भरावयाच्या स्वस्त विजेऱ्यांपैकीं पुष्कळांत शिशाची बॅटरी असते. ती रिती ठेवून महिनोगणती कपाटांत पडली तर मरते. ज्याच्यानें दर महिन्यास आठवणीनें भरणें होणार नाहीं, त्यानें ती घेऊं नये.

लिथियम सेलाची विजेरी वजनास हलकी व उजेडास उत्तम. पण तिच्या सेलावरील आंकडे डोळे उघडून वाचावे. अंगठ्याएवढ्या नेहमींच्या लिथियम सेलांत ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास वीज मावते, अगदीं अलीकडच्या उत्तम सेलांत ४,०००. त्याच मापाच्या सेलावर ९,८०० छापलेलें दिसलें तर तें खोटें आहे असें खुशाल समजावें. फुगलेला सेल वापरूं नये; भरतांना विजेरी पेंढ्याजवळ किंवा अंथरुणावर ठेवूं नये.

५. धरावी कशी ?

चांगला उजेडही चुकीचा धरल्यास निरुपयोगी. विजेरी कमरेखालीं धरून पुढें जमिनीशीं तिरपा झोत टाकावा. म्हणजे ढेंकूळ, काटकी व साप यांच्या सावल्या लांब पडून वस्तू वेगळी दिसते. डोक्यास बांधावयाचा दिवा दोन्ही हातांनीं काम करतांना उपयोगी आहे. परंतु त्याचा उजेड डोळ्यांच्या रेषेंतूनच जात असल्यामुळें सावल्या दिसत नाहींत व जमीन सपाट भासते. म्हणून चालतांना हातांतील विजेरीच बरी. मुसळधार पावसांत प्रखर झोत थेंबांवरून परततो; तेव्हां तो पायांजवळच ठेवावा.

उजेड असूनही दंश झालाच, तर जखम कापूं नये, चोखूं नये, घट्ट दोरी बांधूं नये. माणसास निजवून तो अवयव हलूं देऊं नये, १०८ क्रमांकास कळवावें, आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयांत विनाविलंब न्यावें.

सारांश

अनुक्रम असा ठेवावा : आधीं सफाई, मग सेल, मग एलईडी बल्ब, आणि शेवटीं नवी विजेरी. पावसाळा सरला कीं सेल काढून ठेवावे, व ज्येष्ठांत बियाणें काढतांना विजेरीही पाहून घ्यावी. संपलेले सेल शेतांत किंवा विहिरींत टाकूं नयेत. २०२२ च्या नियमांप्रमाणें जुने सेल परत गोळा करण्याची जबाबदारी ते विकणाऱ्या उत्पादकांवर आहे, तेव्हां ते डब्यांत सांठवून गोळा करणाऱ्या केंद्रांत द्यावे. घरांत जितकीं माणसें रात्रीं बाहेर पडतात तितक्या विजेऱ्या नसतील, तर एक भारी विजेरी घेण्यापेक्षां दोन साध्या सुधारून घेणें शहाणपणाचें. कारण बांधावर गेलेल्या बापाची वाट पाहणाऱ्या मुलासही अंगणांत उतरावें लागतें.