तीन मिनिटांत मांडायचा प्रबंध
पीएच.डी. म्हणजे प्रयोगशाळेत मान खाली घालून काढलेली चार-पाच वर्षे, असा समज रूढ असल्यामुळे संशोधकाला आपले काम चारचौघांना सांगताही यावे लागते, ही गोष्ट मूलभूत विज्ञानाकडे वळणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक सहसा लक्षात घेत नाहीत. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली सुरू केलेली आणि पुढे अनेक देशांत पोहोचलेली ‘थ्री मिनिट थीसिस’ ही स्पर्धा नेमके हेच कौशल्य पारखते. त्या काळी क्वीन्सलँडमध्ये तीव्र दुष्काळ होता आणि अंघोळ झटपट उरकावी म्हणून अनेक घरांत न्हाणीघराच्या भिंतीवर तीन मिनिटांचे घड्याळ लावलेले असे. त्यावरूनच तीन मिनिटांत संशोधन मांडण्याची कल्पना त्याच विद्यापीठातील ॲलन लॉसन यांना सुचली.

स्पर्धकाला एकच स्थिर स्लाइड दाखवता येते, ध्वनी, चित्रफीत किंवा कोणतीही वस्तू वापरता येत नाही, आणि वेळ ओलांडताच तो बाद होतो. विषय न जाणणाऱ्या श्रोत्याला आशय कळला का, हे परीक्षक पाहतातच, पण संशोधन उथळ तर केले नाही ना, हेही पाहतात, आणि खरी कसोटी इथेच लागते. प्रतिजैविकरोधावर, म्हणजे औषधाला जंतूंनी दाद न देण्यावर, काम करणाऱ्याने ‘पेशीपटलातील निष्कासन-पंप’ म्हणण्याऐवजी ‘काही जंतू आत शिरलेले औषध पुन्हा बाहेर फेकतात’ असे सांगितले, तर अर्थ तसूभरही न ढळता श्रोता सोबत येतो. मात्र ‘हा रोग आता हटणार’ असे स्पर्धक म्हणाला, तर ते विज्ञान राहत नाही.

हा सराव पुढे फार उपयोगी पडतो, कारण शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत किंवा संशोधन-निधी देणाऱ्या समितीत बसलेले सगळेच तज्ज्ञ त्याच उपशाखेचे नसतात. बोलण्यापेक्षा लिहिण्याकडे ओढा असणाऱ्यांनाही वाव आहे. भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१८ साली सुरू केलेल्या ‘अवसर’ उपक्रमात तरुण संशोधकांकडून स्वतःच्या संशोधनावर सामान्य वाचकांसाठी लेख मागवले गेले.

अर्थात अशा स्पर्धेतले बक्षीस प्रबंधाची जागा घेत नाही, आणि पालकांनी त्यामागे धावण्याचेही कारण नाही. बी.एस्सी.च्या प्रकल्पात काय केले, हे मुलाने घरी मराठीत सांगावे आणि ऐकणाऱ्याने न कळलेल्या शब्दापाशी त्याला थांबवावे, एवढी तयारी पुष्कळ आहे. पुढे मार्गदर्शक निवडताना, त्यांचे विद्यार्थी परिषदांत स्वतः उभे राहून आपले काम मांडतात का, याची चौकशी प्रवेशापूर्वीच करावी.