पार्सलने आलेली अंडी उबवताना



समजा, गटातल्या एका ताईने अंतर्गत कर्ज काढून उबवणीची ३० अंडी मागवली आणि १२ च पिल्लं निघाली. बैठकीत लगेच कुणीतरी म्हणतं, "हिनं नीट बघितलं नसेल." पण दोष अंड्यांचा असू शकतो, रस्त्याचा असू शकतो किंवा उबवणीचा. तो कुठला, हे बरंचसं ओळखता येतं. ते कसं, हे या पाठात पाहू.

प्रवासात काय होतं?

अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पोकळी असते. गाडीच्या हिसक्यांनी ती सैल होते. दुसरा त्रास उन्हाचा. फलित अंड्यातला जीव गारव्यात झोपलेला राहतो. पार्सल तापलं की तो अर्धवट जागा होतो आणि मरतो. म्हणून मागवायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मागवा. अंडी सात दिवसांपेक्षा शिळी नकोत. पुण्यात खडकीला पशुसंवर्धन विभागाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. अशा ठिकाणी फोन करून अंडी आहेत का ते विचारा. स्वतः जाऊन आणता आली तर हिसके पुष्कळ वाचतात.

घरी आल्यावर

१. खोका लगेच उघडा. तडकलेली अंडी बाजूला काढा, फोटो काढा, संख्या वहीत लिहा.
२. अंडी धुऊ नका.
३. टोकदार बाजू खाली ठेवून सावलीत, गार जागी १२ ते २४ तास न हलवता ठेवा. घाई इथेच नडते.
४. तोवर खुडूक कोंबडीला दोन-तीन साध्या अंड्यांवर बसवून ठेवा. संध्याकाळी ती काढून नवीन अंडी एकदमच खाली ठेवा. एका कोंबडीखाली १० ते १२ पुरे.

मशीन असेल तर पंख्याच्या मशीनला ३७.५ अंश तापमान ठेवा. अंडी दिवसातून तीन ते पाच वेळा फिरवा. पार्सलची अंडी पहिला दिवस फिरवली नाहीत तरी चालतं. १८ व्या दिवसानंतर फिरवणं बंद करा आणि पाण्याचं भांडं वाढवा. पिल्लं २१ व्या दिवशी निघतात.

दोष कुणाचा?

यासाठी सोपी युक्ती आहे. कोंबडा असलेल्या घरची चार-पाच ताजी अंडी पेन्सिलने खूण करून त्याच खेपेत ठेवा. घरची फुटली आणि पार्सलची राहिली, तर उबवणीला बोल लावता येणार नाही. दोन्ही राहिली, तर आपली ऊब किंवा ओलावा तपासायला हवा.

सातव्या दिवशी रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरून बघा:

• कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या, तर जीव वाढतोय.
• आरपार स्वच्छ दिसलं, तर अंडं बहुधा फलित नव्हतं. विकणाऱ्याशी बोला.
• लाल कडं दिसलं, तर जीव धरून मेला. प्रवास, शिळेपणा किंवा सुरुवातीची जास्त ऊब ही कारणं असू शकतात.

पिल्लू पूर्ण वाढून कवचातच मेलं, तर शेवटच्या दिवसांतली ऊब आणि ओलावा आधी तपासा.

पैशाचा हिशेब

दूरवरून आलेल्या अंड्यांतून निम्मीच पिल्लं निघतील असं धरूनच कर्जाचा आकडा ठरवा. त्याहून जास्त निघाली, तर ती वरकमाई. पहिल्या खेपेला १० ते १२ च अंडी मागवा. खराब अंड्यांची भरपाई मिळणार का, हे पैसे देण्याआधीच मेसेजवर लिहून घ्या.

पुढच्या बैठकीत ठरवा

• वहीत चार रकाने ठेवा: आलेली, फुटलेली, सातव्या दिवशी काढलेली, पिल्लं. ही वही कोण लिहील?
• पिल्लं कमी निघाली, तर हप्ता पुढे ढकलायचा का?

हे अंडी मागवायच्या आधी ठरलं, तर बैठकीत वही बोलेल आणि ताईला एकटीला बोलणी खावी लागणार नाहीत.