पाण्यात म्हैस, वर मोल

सर्वप्रथम एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी विभागात लिहायची ही पहिलीच वेळ. वेलांट्या चुकल्या तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. विषय मात्र माझ्या आवडीचा आहे, इंजिन!

झालं असं की, डिसेंबरात माझ्या मामेभावाचा न्यू जर्सीहून फोन आला. दादा तिथे एमएस करतो. "अगं, एक प्रियस मिळतेय, 2012 ची, 1 लाख 40 हजार मैल चाललेली. तू मेकॅनिकलची ना? सांग, घेऊ का?" त्याची वर्षभराची शिल्लक त्यात जाणार होती. मी थर्ड इयरला, आयसी इंजिनच्या पेपरात जेमतेम पास! पण 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटली, म्हणून अभ्यासाला लागले. त्या अभ्यासाचं हे सार.

सगळे घाबरतात बॅटरीला

जुनी हायब्रीड म्हटलं की पहिला प्रश्न बॅटरीचा. दादाचाही तोच होता. या गाडीत निकेल-मेटल हायड्राइडचे 28 मोड्यूल असतात, एकूण 201.6 व्होल्ट. बॅटरी म्हातारी होते हे खरं, पण तिची तब्येत स्कॅनरवर बऱ्यापैकी कळते. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या 2010 ते 2015 च्या मॉडेलमध्ये, जास्त बदनाम झालं ते इंजिन. आणि त्याच्याबद्दल कोणी विचारतच नाही!

दुखणं काय आहे?

इंजिन 1.8 लिटरचं, चार सिलिंडरचं, अ‍ॅटकिन्सन सायकलवर चालणारं. यात इनलेट व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, थोडं मिश्रण मागे ढकललं जातं. म्हणून दाबणं कमी आणि प्रसरण जास्त. ताकद थोडी घटते पण पेट्रोल वाचतं, आणि ताकदीची तूट इलेक्ट्रिक मोटर भरून काढते. (हे मला लेक्चरमध्ये कळलं नव्हतं, दादाला समजावताना कळलं!)

आता ईजीआर. एक्झॉस्टचा थोडा वायू कूलरमधून गार करून परत सिलिंडरमध्ये सोडतात, म्हणजे ज्वलनाचं तापमान आटोक्यात राहतं. पण त्या वायूत काजळी असते. ती कूलरच्या अरुंद वाटांमध्ये आणि इनटेक मॅनिफोल्डच्या भोकांमध्ये साचते. वाट तुंबली की गार वायू कमी पोचतो, तोही प्रत्येक सिलिंडरला सारखा नाही. तापमान वाढतं. अनेक मेकॅनिकांच्या मते हेड गॅस्केट फुटण्याचं मूळ इथेच आहे. शिवाय या पिढीच्या सुरुवातीच्या काही गाड्या पिस्टन रिंगमुळे ऑइल पितात, त्याने काजळी आणखी वाढते.

गॅस्केटला बारीक चीर पडली की गंमत बघा. गाडी बंद केल्यावर गरम कूलंटचा दाब लगेच उतरत नाही. रात्रभर थेंब थेंब कूलंट सिलिंडरमध्ये झिरपतं. सकाळी इंजिन सुरू होताच गाडी गदागदा हलते, खडखडते. मिनिटभरात पाणी जळून जातं आणि सगळं शांत! म्हणजे हा रोग फक्त सकाळी दिसतो, दुपारच्या ट्रायलमध्ये नाही. त्यात ही हायब्रीड. गरम असेल आणि बॅटरी भरलेली असेल तर बटण दाबल्यावर इंजिन लागतच नाही, गाडी आवाज न करता निघते. आपण खूश!

मी दादाला दिलेली यादी

1. गाडी रात्रभर उभी असलेलीच बघायची. पहिल्यांदा इंजिन लागताना आपण समोर हवं.
2. सुरू करण्याआधी कूलंटची पातळी आणि डिपस्टिकवरचं ऑइल बघायचं.
3. स्कॅनर लावून मिसफायरचे कोड बघायचे. कोड नसले तरी 'रेडिनेस मॉनिटर' पूर्ण आहेत का ते बघायचं. अपुरे असतील तर कोणीतरी नुकतेच कोड पुसले असण्याची शक्यता.
4. शंका आली तर गॅरेजमध्ये ब्लॉक टेस्ट. कूलंटच्या टाकीतली हवा निळ्या द्रवातून ओढतात. द्रव पिवळा झाला तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतोय.
5. ईजीआर कूलर कधी साफ केला, त्याची पावती मागायची.

आणि मग...

जानेवारीतला शनिवार. तिथे सकाळचे आठ, इथे संध्याकाळचे साडेसहा. दादा व्हिडिओ कॉलवर. बाहेर शून्याच्या आसपास थंडी, गाडी धुऊन चकाचक. त्याने बटण दाबलं. काहीच आवाज नाही. "बघ, किती स्मूथ!" दादा म्हणाला. मी म्हटलं, "दादा, स्कॅनरवर कूलंटचं तापमान वाच." तो वाचून गप्प झाला. 61 अंश सेल्सिअस!

मालक म्हणाला, थंडी होती म्हणून तुमच्यासाठीच गरम करून ठेवली. असेलही खरं. दादाने विनंती केली, उद्या येतो, तोवर सुरू करू नका. मालक तयार होईना. ब्लॉक टेस्टलाही नाही म्हणाला. किंमत मात्र तिथल्या तिथे कमी केली.

दादाने गाडी सोडली. माझ्यावर वैतागला होता, कारण त्याला पुन्हा बर्फात बसची वाट बघणं आलं. त्या इंजिनात खरंच काही बिघडलं होतं का, हे आम्हाला कधीच कळणार नाही. कदाचित मी त्याची चांगली गाडी घालवली असेल. हे मनात बरेच दिवस होतं.

मार्चमध्ये त्याने त्याच मॉडेलची दुसरी घेतली. सकाळी सात वाजता, गार इंजिन, त्याच्या समोर सुरू झालं. ब्लॉक टेस्टचा द्रव निळाच राहिला. ईजीआर कूलर मात्र साफ केलेला नव्हता, म्हणून त्याचा खर्च किमतीतून वजा करून घेतला आणि पहिल्याच आठवड्यात तो साफ करवला.

आजीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पाण्यात म्हैस, वर मोल करू नये." मला अर्थ विचारावा लागला. पाण्यात बसलेल्या म्हशीची फक्त पाठ दिसते. तिला बाहेर काढून, चालवून, मगच भाव करायचा. जी म्हैस बाहेर काढू देत नाहीत, ती स्वस्तात मिळाली तरी घ्यायची नाही.

तेव्हा मित्रांनो, गाडीचा दोष जगजाहीर असला म्हणून लगेच पळू नका. माहीत असलेला दोष तपासता येतो, त्याची किंमत धरता येते. घाबरायचं ते तपासू न देणाऱ्याला!