विजेची तार आणि आमच्या माता-भगिनी

आमच्या आष्टी परिसरातून कोयता घेऊन ऊसतोडीस जाणाऱ्या किती भगिनींची ‘पिशवी’ ऐन तिशीत काढली गेली! 2019 साली बीड जिल्ह्यातील या शस्त्रक्रियांची शासनास चौकशी करावी लागली. उपाय दुसराही असतो, हे आम्ही वर्गात सांगतो.

घरातील वीज सेकंदाला 50 आवर्तने घेते; तिने स्नायू आखडतात. शस्त्रक्रियेच्या यंत्रात हीच आवर्तने काही लाख असतात. त्या वेगाला मज्जातंतू दाद देत नाहीत. मात्र बारीक तारेशी प्रवाह एकवटून तेथील पेशी जळतात. अंगाखालच्या रुंद पट्टीवर तोच प्रवाह विखुरतो, म्हणून तेथे भाजत नाही. बोस्टनमध्ये हार्वे कुशिंग यांनी 1926 साली असे यंत्र वापरले.

शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1999 पासून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास झाला; बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होते. गर्भाशयमुखावर कर्करोगपूर्व बदल दिसल्यास बहुधा तेवढाच भाग गोठवीत किंवा विजेच्या तारेच्या फासाने काढीत. गर्भाशय शाबूत राही. एकदाच विषाणू-चाचणी झालेल्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाने 34 मृत्यू झाले. चाचणीविना राहिलेल्या, काहीशा लहानच गटात 64.

पिशवी काढण्याचा सल्ला मिळाल्यास गर्भाशयमुखाची कोणती तपासणी झाली, अहवाल कोठे आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांनी आईसोबत जाऊन विचारावे.