फुप्फुसाचे ऑपरेशन आणि संगणकाचा नकाशा

फुप्फुसाच्या ऑपरेशनमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता वापरतात असे ऐकले की यंत्रच चाकू चालवणार, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. चाकू सर्जनच्याच हातात असतो. संगणक त्याला आधी नकाशा काढून देतो.

उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात, डाव्याचे दोन. प्रत्येक खंडात लहान उपखंड, आणि प्रत्येक उपखंडाला स्वतःची श्वासनळी व रक्तवाहिनी. या वाहिन्यांच्या फांद्या माणसागणिक वेगळ्या फुटतात. पूर्वी कर्करोगाची गाठ लहान असली तरी अख्खा खंड काढत. जपानमध्ये १,१०६ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात कडेच्या, दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीसाठी फक्त उपखंड काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. खंड काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के. मात्र गाठ त्याच बाजूला परत येण्याचे प्रमाण उपखंडवाल्यांत जास्त होते. म्हणजे थोडेच कापायचे, पण नेमके. नकाशा लागतो तो इथे.

सीटी स्कॅन म्हणजे छातीचे शेकडो पातळ काप. त्यातून धमनी, शीर, श्वासनळी आणि गाठ वेगळी ओळखून त्रिमिती चित्र तयार करायला हाताने काही तास लागत. संगणक ते मिनिटांत करतो. कुठली फांदी बांधायची आणि किती फुप्फुस उरेल, हे सर्जनला आधी दिसते. बिडीने किंवा चुलीच्या धुराने ज्यांचा दम आधीच कमी झाला आहे, त्यांच्यासाठी हा हिशेब फार मोठा.

पण स्कॅन भरल्या श्वासात काढतात आणि ऑपरेशनच्या वेळी त्या बाजूच्या फुप्फुसातली हवा सोडलेली असते. सगळ्या जागा सरकतात. शिवाय आपल्याकडे अनेकांना टीबी होऊन गेलेला असतो. फुप्फुस बरगड्यांना चिकटलेले, वाहिन्यांभोवतीच्या गाठी घट्ट झालेल्या. किती चिकटले आहे ते नकाशात नीट कळत नाही, आणि स्वच्छ फुप्फुसांवर शिकलेला प्रोग्राम जुन्या व्रणांपाशी चुकू शकतो. म्हणून मूळ स्कॅन सर्जनने स्वतः पाहिलाच पाहिजे.

हे सगळे गाठ लहान असताना सापडली तर! मराठवाड्यात एक्स-रेवर डाग दिसला की आधी टीबीचा संशय येतो, आणि तो बहुधा रास्तच असतो. घात होतो तो थुंकी न तपासता महिनोन्‌महिने गोळ्या चालू राहतात तेव्हा. मुंबईच्या क्युअर.एआय कंपनीचा प्रोग्राम एक्स-रे वाचतो. १५ वर्षांवरील व्यक्तींच्या टीबी तपासणीत असे वाचन वापरण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. तोही फक्त संशय सांगतो. थुंकीत जंतू नाहीत, औषधाने डाग कमी होत नाही, खोकल्यातून रक्त येते, वजन उतरते, तर सीटी स्कॅन आणि गाठीचा तुकडा तपासण्याबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आपल्या शहरात त्यासाठी घाटी रुग्णालय आहे, आमखास मैदानाजवळचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा.

स्कॅन झाला की फिल्मसोबत सीडीही मागून घ्या. फिल्मवरून असा नकाशा बनत नाही. त्याला सीडीतले मूळ काप लागतात. जुन्या एक्स-रेंसह ती घरात जपून ठेवा.